दुसऱ्या बाजूची खुर्ची

शनिवार, सहा डिसेंबर. दुपारी चार. जबलपूर, सिविल लाइंस, देशकर वकिलांचं ऑफिस.

हजर: मी; माझा धाकटा भाऊ हेमंत; ॲडव्होकेट वामनराव देशकर, ज्यांना आम्ही लहानपणापासून देशकर काका म्हणतो. आणि खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत सतीश सेठ. हा सतीश सेठ त्या वेळी चेरीतालला आपल्या सायकलच्या दुकानात बसलेला होता, याची मी नंतर खात्री करून घेतली. खुर्ची रिकामी होती. पण काकांनी हजेरीत त्याचं नाव घेतलं, म्हणून मीही लिहिते.

मी बँकेत नोकरी करते. कामाला जाण्याआधी कामांची यादी करायची आणि झालेल्या कामावर रेघ मारायची, एवढंच माझं तत्त्वज्ञान. भुताखेतांसाठी त्यात रकाना नाही. काकांबद्दल लिहायला बसले तेव्हाही आधी मुद्दे काढले. ते मुद्दे काही केल्या ओळीत उभे राहीनात.

काका आमच्या वडिलांचे मित्र. दोघांचं बालपण चेरीतालच्या एकाच गल्लीत गेलं. पुढे काकांनी एका जुन्या बंगल्याच्या आउटहाउसमध्ये ऑफिस थाटलं आणि तिथेच राहिले. लग्न केलं नाही. मे महिन्यातही काळा कोट अंगात, पायात मात्र निळ्या पट्ट्याची रबरी चप्पल. चहा स्टीलच्या पेल्यात, गुळाचा. अशील बोलायला लागला की उठून आधी पंखा बंद करायचे. जबलपूरच्या उन्हाळ्यात पंखा बंद करणारा वकील म्हणजे अशिलाची परीक्षाच. कोणी कुरकुरलं की म्हणायचे, "त्याचा आवाज लहान आहे, पंख्यात ऐकू येत नाही."

"कोणाचा?"

"दुसऱ्या बाजूचा."

ही त्यांची पद्धत होती. टेबलासमोर अशिलासाठी दोन लाकडी खुर्च्या. बाजूला खिडकीजवळ एक वेताची. भांडण ज्याच्याशी असेल तो त्या वेताच्या खुर्चीत बसलाय असं समजायचं आणि आपली सगळी हकीकत काकांकडे न बघता त्या खुर्चीला सांगायची. भाडेकरू असो, भाऊ असो, सून असो. पुष्कळ लोकांना पहिल्या वाक्यालाच हसू यायचं. तिसऱ्या-चौथ्या वाक्याला आवाज खाली यायचा, कारण रिकाम्या खुर्चीसमोर खोटं बोलणं फार अवघड जातं. सांगून झालं की काका खुर्चीकडे मान वळवायचे, "तुमचं काय म्हणणं?" असं अदबीनं विचारायचे आणि खरोखर ऐकत बसायचे. डोळे मिटून, मान किंचित तिकडे झुकवून. मग आपल्याकडे वळून सांगायचे, तो काय म्हणतो ते.

मी याला वकिली युक्ती समजत होते, आणि चांगली युक्ती समजत होते. एकच प्रसंग खटकला होता. आमच्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात खुर्च्यांची व्यवस्था माझ्याकडे असते. त्या संध्याकाळी खुर्च्या कमी पडल्या आणि काकांच्या शेजारची एक रिकामी दिसली. मी उचलायला गेले.

"राहू दे मंजू. बसलेत," काका म्हणाले.

"कोण? पाणी प्यायला गेलेत का?"

"नाही. बसलेत."

मी खुर्ची ठेवली. तेवढ्यावरून वाद कोण घालणार? पण आरती संपेपर्यंत माझी नजर तिकडे जात राहिली. एकदा एक छोटी मुलगी पळत आली, त्या खुर्चीवर चढायला गेली आणि थबकली. मोठ्या माणसाच्या पायांना वळसा घालून जावं तशी ती पुढे गेली.

काकांकडे सट्टेवाले फार येत. खेळवणारे नव्हे, खेळणारे. आणि त्यातही जिंकलेले. हरलेला माणूस वकिलाकडे जात नाही, तो घरी जातो. जिंकलेला आणि पैसे न मिळालेला माणूस मात्र दारोदार फिरतो. अशा लोकांकडून काका फी घेत नसत. "सट्ट्याच्या पैशातली फी म्हणजे मलाही उद्या कोणी बुडवेल, आणि मी कुठे दाद मागू?" असं म्हणत. फीऐवजी एक नारळ मागत, तोही ग्वारीघाटावर नर्मदेला द्यायचा.

एकदा मी आईच्या मृत्युपत्राचं काही विचारायला गेले असताना एक कॉलेजातले प्राध्यापक आले होते. मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये ते महिनाभर क्रिकेटवर पैसे लावत होते. पडद्यावर जिंकलेली रक्कम रोज वाढत होती, काढायला गेलं की 'आधी कर भरा' असा संदेश यायचा. दोनदा तो तथाकथित कर त्यांनी भरलाही होता. काकांनी पंखा बंद केला. प्राध्यापकांनी लाजत लाजत वेताच्या खुर्चीला सगळं सांगितलं. काकांनी डोळे मिटले. थोड्या वेळानं उघडले, उठले आणि ती खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. असं करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"सर, इथे कोणी नाही," ते म्हणाले. "तुम्ही जिंकलात तेही खरं नाही आणि समोर बुकी आहे तेही खरं नाही. हा पैजेचा मामला नाहीच, ही सरळ ठगी आहे. आत्ता उठा आणि सायबर पोलिसांकडे जा. बँकेला कळवा. संदेश पुसू नका. लाज वाटेल, वाटू द्या. नवा कायदा आलाय, हे असले पैशांचे खेळ चालवणाऱ्यावर तो आहे. आणि यापुढे एक पैसा भरायचा नाही."

प्राध्यापक गेल्यावर मी विचारलं, "काका, पण तुम्हाला कसं कळलं?"

"माणूस असला म्हणजे काहीतरी म्हणतो ना. हा काहीच म्हणून नाही राहिला."

आता हेमंत. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, मोबाइल दुरुस्तीचं दुकान, एक मुलगी बारावीत. मराठी कळतं, बोलताना दुसऱ्या शब्दाला हिंदीत घसरतो. सतीश सेठच्या सायकलच्या दुकानामागे क्रिकेटच्या सट्ट्याचा जो धंदा चालतो, त्यात तो वर्षभर खेळत होता आणि आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. शेवटच्या सामन्यात त्यानं दुकानाचं भांडवल लावलं. आणि जिंकला. आकडा इथे लिहीत नाही. मुलीला कोट्याला कोचिंगला पाठवून वर दुकान मोठं करता आलं असतं. सतीश सेठनं आधी चार दिवस मागितले, मग फोन उचलणं सोडलं, आणि शेवटी भरदुकानात, गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "कौन सा दाँव, भैया? सायकल लेनी है तो बोलो."

मला कळलं ते हेमंतच्या बायकोकडून. मी त्याला धरून काकांकडे नेलं. जाताना प्रश्न लिहून नेले होते. ते मी क्रमानं विचारले.

"काका, नोटीस देता येईल?"

"येईल ना. टपालखर्च जाईल."

"दिवाणी दावा?"

"दारातूनच परत. पैजेचा करार कायद्यात शून्य आहे. जिंकलेले पैसे मागायला दावाच चालत नाही."

"समजा, सतीशनं चेक दिला असता आणि तो परत आला असता?"

"चेक कशापोटी, हे कोर्ट विचारते. सट्ट्यापोटी म्हटलं की तिथेच संपलं."

"ग्राहक मंच?"

"हा कशाचा ग्राहक?"

"पोलीस?"

"जाऊ शकतो. पहिली ओळ लिहावी लागेल, मी सट्टा खेळलो. दुसरी ओळ लिहीपर्यंत याला बाकावर बसवतील."

हेमंत उसळला. "मतलब वो खा जाए और मैं देखता रहूँ?"

"रेसकोर्सवरचा परवान्याचा बुकी असता तर क्लबच्या समितीकडे तक्रार नेली असती. सतीशकडे परवाना आहे काय रे? सायकल चालवायचा पण नसेल."

मला हसू आलं. काका हसले नाहीत. काका हसतच नसत. ते पुढे झुकले.

"ऐक हेमंत. बेकायदा गोष्ट निदान झालेली तरी असते. शून्य म्हणजे झालंच नाही. कोर्टाच्या लेखी तू सतीशकडे गेलाच नाहीस. पैज लावलीच नाहीस. जिंकलाच नाहीस. आता उरले कोण? तू आणि तो. आणि मधे काहीच नाही. ही जागा लय वाईट असते. इथेच माणसं बुडतात."

मग त्यांनी पंखा बंद केला आणि हजेरी घेतली.

हेमंतनं खुर्चीला सांगायला सुरुवात केली. आधी शिव्या दिल्या. मग मुलीचं सांगितलं. काकांनी खुर्चीला विचारलं आणि डोळे मिटले. बाहेर बंगल्याचा माळी पाइपनं पाणी घालत होता, तेवढाच आवाज. हिवाळ्याचं ऊन खुर्चीवर पडलं होतं.

काकांनी डोळे उघडले. "हेमंत, तुझ्या फोनमधे 'प्लंबर' म्हणून कोणाचा नंबर आहे?"

हेमंतचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला. माझ्याकडे बघून म्हणाला, "दीदी, तूने बताया?"

"मला काय माहीत? घरात नळ गळतोय का?"

"प्लंबर नाही तो," काका म्हणाले. "वसुलीवाला आहे. अर्धे पैसे त्याचे, अर्धे याचे. आणि सतीश नाही बोलला तर पुढचं तो बघून घेईल. असंच ठरलं ना?"

हेमंतनं मान खाली घातली. काकांनी अंदाज केला असेल, असले मामले त्यांनी पुष्कळ पाहिले असतील; पण 'प्लंबर' हा शब्द कोणी अंदाजानं सांगत नाही.

"बात हुई है बस," हेमंत म्हणाला. "अभी हाँ नहीं बोला."

"म्हणून तर तो आज बोलला," काकांनी खुर्चीकडे बोट केलं. "सतीशच्या जागी बसतो, पण सतीश नाही तो. रामस्वरूप आहे."

आणि मग काकांनी जे सांगितलं, ते वडिलांनाही कधी सांगितलं नव्हतं.

वकिली नवीन होती तेव्हाची गोष्ट. एक ठेकेदार आला. रामस्वरूप नावाच्या बुकीनं त्याचे जिंकलेले पैसे बुडवले होते. काकांनी त्याला कायदा सांगितला, अगदी बरोबर सांगितला: यात दाद नाही. ठेकेदारानं शांतपणे ऐकलं, फी टेबलावर ठेवली, "ठीक है वकीलसाहब, फिर तो बात साफ है" म्हणाला आणि गेला. काकांना बरं वाटलं, समजूतदार अशील मिळाला म्हणून.

दोन दिवसांनी दुपारी एक माणूस आत आला आणि वेताच्या खुर्चीत बसला. पांढरा कुर्ता. काका काहीतरी लिहीत होते. त्यांनी वर न बघता विचारलं, काय काम?

"वकीलसाहब, मैं तो देने वाला था," तो म्हणाला. "थोड़ा टाइम माँगा था बस. अब किसको दूँ?"

काका म्हणाले, आपलं म्हणणं लिहून आणा. आणि चष्मा शोधायला वळले. परत बघितलं तर खुर्ची रिकामी. ओसरीत बसलेला मुन्शी म्हणाला, कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. संध्याकाळी बातमी कळली. रामस्वरूपला त्याच दिवशी सकाळी ग्वारीघाटाच्या पाण्यातून बाहेर काढलं होतं.

"मी वकील आहे मंजू," काका म्हणाले. "ऐकीव पुरावा मी कोणाचा मानत नाही, स्वतःचा पण नाही. पण ती खुर्ची ओली होती. वेतातून पाणी टपकून राहिलं होतं. मी या हातानं पुसली."

"ठेकेदाराचं काय झालं?"

"काय होणार? साक्षीदार नाही, पुरावा नाही. झालंच नाही." मग म्हणाले, "मी त्याला काहून जाऊ दिलं? कायदा संपला, एवढं सांगितलं. माणूस तिथे संपत नाही, हे सांगायचं राहिलं. तेव्हापासून दुसऱ्या बाजूचं ऐकल्याशिवाय मी कोणाला उठू देत नाही. आणि तेव्हापासून हा पण उठला नाही."

हेमंतला त्यांनी त्यांचा नेहमीचा उपाय सांगितला. घाटावर जायचं, नर्मदेचं पाणी ओंजळीत घ्यायचं, ज्याच्याकडून येणं आहे त्याचं नाव घ्यायचं आणि सोडलं म्हणून पाणी सोडायचं. दान देताना उदक सोडतात तसंच. कोर्टात जे झालंच नाही, ते नर्मदेसमोर कबूल करायचं आणि तिथेच संपवायचं. "ज्यांनी सोडलं त्यांच्यापैकी कोणी परत माझ्याकडे आला नाही. आणि कोणाचा बुकी पाण्यात नाही सापडला."

"और पैसा?" हेमंतनं विचारलं.

"पैसा गेला. तो आधीच गेला होता. आता तुला वाचवून राहिलो आम्ही."

पुढच्या रविवारी, सकाळी अकराला आम्ही ग्वारीघाटावर होतो. ऊन चांगलं होतं, गर्दी होती, नावाडी गिऱ्हाइकांना हाका मारत होते. मी नारळ, फुलं आणि पंडितजींची दक्षिणा बरोबर घेतली होती. पंडितजी नवीनच होते. हेमंत गुडघाभर पाण्यात उभा राहिला. काका कोटासकट एक पायरी वर, आणि त्यांचा हात हेमंतच्या ओंजळीखाली. पंडितजींनी संस्कृत म्हटलं, पुढचं मराठी काका सांगणार आणि हेमंत त्यांच्या मागून म्हणणार, शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं.

"मी हेमंत," काका म्हणाले.

"मी हेमंत."

"रामस्वरूपकडे माझं जे काही येणं आहे,"

"रामस्वरूपकडे माझं जे काही येणं आहे,"

"ते मी सोडलं."

"ते मी सोडलं." आणि पाणी गेलं.

मी लगेच म्हणाले, "काका, नाव चुकलं. सतीश म्हणायचं होतं."

"काय म्हणालो मी?"

"रामस्वरूप."

काकांनी आपल्या डाव्या बाजूला बघितलं, मग मागच्या पायऱ्यांकडे. बराच वेळ बघत राहिले. पंडितजी पुडी बांधता बांधता म्हणाले, "और वो साहब? उनका भी कुछ करना था क्या?"

"कौन साहब?"

"जो आपके बाजू में खड़े थे. सफ़ेद कुर्ते वाले. अभी तो ऊपर गए."

रविवारी घाटावर गर्दी असते, कोणीही कोणाच्या शेजारी उभं राहतं, पांढरा कुर्ता तर निम्मे लोक घालतात. हे मी स्वतःला सांगितलं.

"हेमंतचं राहिलं," काका म्हणाले. आवाज वेगळाच होता, हलका. "उद्या परत येऊ. आज आता नाही, एका दिवसात दोन नावं नको. तुम्ही व्हा पुढे, मी बसतो थोडा."

वर चढून गेल्यावर मी वळून बघितलं. काकांनी फुलवालीकडून एक दोना, म्हणजे पानांचा दिव्याचा द्रोण, विकत घेतला होता आणि त्यातली वात लावून पाण्यात सोडत होते. भर दुपारच्या उन्हात ज्योत दिसतच नव्हती. दोना पुढे सरकत होता आणि त्याच्यावरची हवा तेवढी थरथरत होती. फुलवाली काहीतरी म्हणाली. काका हसले. मी त्यांना हसताना पाहिलेलं ते एकदाच, आणि मग त्यांनी आम्हाला जा म्हणून हात केला.

त्या रात्री ते झोपेतच गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय. सामान आवरायला मी गेले होते. ऑफिसातला पंखा चालू होता.

तेराव्यानंतर मी हेमंतला म्हटलं, आता तुझं उरकू. पंडितजींशी बोलून ठेवलंय, नाव मी स्वतः सांगेन.

"हो तो गया, दीदी. पानी छोड़ दिया ना मैंने."

"दुसऱ्याच्या नावानं सोडलंस."

"अब काका भी नहीं रहे. कौन देख रहा है?"

"मी बघतेय. रविवारी ये."

तो रविवारी आला नाही. त्यानंतरच्या रविवारी त्याच्या दुकानात काम होतं. मग मुलीची परीक्षा. 'प्लंबर'चा नंबर पुसायला फोन हातात दे म्हटलं तर हसतो आणि खिशात घालतो. अलीकडे तो फार शांत झालाय. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. त्याची बायको खूश आहे, म्हणते, दीदी, आता सतीशचं नावही काढत नाहीत.

मी बँकेत जाताना वाट थोडी वाकडी करून चेरीतालवरून जाते. सायकलच्या दुकानाचं शटर वर असतं, सतीश सेठ गल्ल्यावर बसून टायरला हवा भरणाऱ्यावर ओरडत असतो. ते बघितलं की पुढे जाते. आजही बघितलं.

यादीत पहिलं काम अजून तेच आहे: हेमंतला घाटावर नेणे. त्यावर रेघ मारलेली नाही.